खुर्चीत असाल तर पाच दाबा

कोणत्याही संस्थेची प्रगती तिच्याकडे किती फोन येतात यावरून मोजायची नसते. आलेला फोन न उचलण्यासाठी तिने किती माणसं नेमली आहेत, यावरून ती मोजायची असते. या कसोटीवर आमची कंपनी आज फार वरच्या पायरीवर उभी आहे, आणि त्याचं श्रेय (मी स्वतः म्हणू नये, पण दुसरं कुणी म्हणत नाही) माझं आहे.

आम्ही विजेवर चालणाऱ्या आरामखुर्च्या बनवतो. बटण दाबलं की पाठ मागे जाते, पाय वर येतात आणि माणूस आडवा होतो. दुसरं बटण दाबलं की तो पुन्हा बसता होतो. साध्या मॉडेलचं नाव ‘विश्राम’ आणि भारीतल्याचं ‘महाविश्राम’. महाविश्रामच्या हातावर टेलिफोन बसवलेला असतो, कारण ज्याला एवढी महाग खुर्ची परवडते त्याला फोनसाठी उठणं परवडत नाही, असं साहेबांचं मत आहे. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. आणि मी कॉल मार्गनियोजन अधिकारी. आलेला फोन कुणाच्या टेबलावर वाजावा, हे मी ठरवतो.

माझ्या आधी कंपनीत रानटी अवस्था होती. दाराशी एक टेबल, टेबलावर एक फोन, आणि तो वाजला की जो जवळ असेल तो उचलायचा. शिपाई उचलायचा, टायपिस्ट उचलायची, एकदा तर पाणी प्यायला थांबलेल्या पोस्टमनने उचलला आणि गिऱ्हाइकाची तक्रार मिटवून तो पुढच्या घरी गेला. तक्रारी मिटत होत्या, नाही असं नाही. पण त्या कुठल्या विभागाने मिटवल्या, याचा पत्ता लागत नव्हता. मिटलेली तक्रार अशी बेवारस फिरताना मला बघवत नसे.

आता फोन लावला की प्रथम एक गोड आवाजाच्या बाई बोलतात. या बाई आमच्या नोकरीत नाहीत, त्यांना कुणी पाहिलेलंही नाही. त्या म्हणतात, ‘आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे.’ मोलाची वस्तू घाईघाईने कुणाच्याही हातात द्यायची नसते, हे तुमच्या घरातही माहीत असेल. म्हणून त्या पर्याय देतात. खुर्ची घ्यायची असेल तर एक दाबा. घेतली असेल तर दोन. घेऊन पश्चात्ताप होत असेल तर तीन (हा पर्याय पुन्हा एकवर नेतो). पैसे भरायचे असतील तर चार (इथे मात्र पहिल्याच घंटीला जिवंत माणूस बोलतो, आणि फार प्रेमाने बोलतो). खुर्चीत असाल तर पाच, खुर्चीबाहेर असाल तर सहा. यांपैकी काहीच नसाल, तर सात दाबून आपण नेमके काय आहात ते सांगा. सातवर साठलेले निरोप मी सवडीने ऐकणार आहे. लोक तिथे फार मोकळेपणाने बोलतात, असं कानावर आलंय.

पाच दाबल्यावर माझी खरी विद्या सुरू होते. नियम साधा आहे. जो कर्मचारी सर्वांत जास्त वेळ रिकामा बसला असेल, त्याच्या टेबलावर फोन वाजावा. माझ्या पडद्यावर प्रत्येक फोनचा एक ठिपका असतो. फोनवर बोलणारा तांबडा, रिकामा बसलेला हिरवा. हिरव्यांत जो सर्वांत जुना, त्याला घंटी. यात वशिला नाही, पक्षपात नाही, वय, लिंग, पगार काही नाही. शुद्ध न्याय आहे, आणि म्हणूनच तो लागू झाल्यावर आठवडाभर मजल्यावर सुतकी कळा पसरली होती.

मग कर्मचाऱ्यांनी अभ्यास केला. (आमच्याकडची माणसं हुशार आहेत, फक्त त्यांना कारण लागतं.) त्यांच्या लक्षात आलं, की तांबडं राहायचं असेल तर फोनवर असलं पाहिजे, फोन कुणाला लावलाय, हे यंत्र विचारत नाही. आमच्या मजल्यावर दहा टेबलं. सकाळी आल्या आल्या पाच जण उरलेल्या पाच जणांना फोन लावतात, दोन्हीकडचे रिसीव्हर टेबलावर आडवे ठेवले जातात, आणि दहाही जण निवांत मनाने कामाला लागतात. कशाच्या कामाला, हा वेगळा विषय आहे. माझी जोडी स्पेअर पार्टवाल्याशी जमली. तो माझ्यापासून दोन हातांवर बसतो. कधी काही बोलायचं असलं तर आम्ही रिसीव्हर बाजूला सरकवून समोरासमोर बोलतो. अशा जोड्यांतून मजल्यावर दोन लग्नं जमली. त्यांतल्या एका जोडप्याचं पुढे बोलणं बंद झालं, पण ठिपके दोघांचेही तांबडेच राहिले.

साहेब रोज सकाळी माझ्या मागे येऊन पडद्याकडे बघतात.

“सगळे कामात?”

“एकूण एक, साहेब.”

“वा,” साहेब म्हणतात, आणि एखाद्याला भरल्या शेताकडे बघून वाटावं तसं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरतं. गेल्या वर्षी याच समाधानातून मला बढती मिळाली.

आता चौकस वाचक विचारेल, की मग गिऱ्हाइकांचे फोन जायचे कुठे? चौकस वाचकांची हीच अडचण असते, ते गिऱ्हाइकाच्या बाजूने विचार करतात. तरी सांगतो. इमारतीत एक फोन कायम हिरवा होता. तळमजल्यावर रस्त्याकडेला काचेची शोरूम आहे. तिथे मधोमध महाविश्राम मांडलेली आहे आणि तिच्या हातावरचा फोन खराखुरा, चालू स्थितीतला आहे. तो फोन कधीच कुणी वापरत नव्हतं, त्यामुळे तो इमारतीतला सर्वांत रिकामा कर्मचारी ठरला. पाच दाबणाऱ्या प्रत्येकाचा फोन त्या खुर्चीच्या हातात जाऊन वाजायचा. शोरूममधल्या विक्रेत्याला वाटायचं, वर कुणीतरी मुद्दाम वाजवतंय. तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, “बघा, फोनपण चालतो,” आणि गिऱ्हाईक खुश व्हायचं. महाविश्रामचा खप दुपटीने वाढला. मग फोन ठरावीक घंट्या वाजून परत गोड बाईंकडे यायचा. लावणाऱ्याला पुन्हा ‘आपला फोन मोलाचा आहे’ ऐकू आलं, की आपण पुढे सरकतोय असं वाटायचं.

फोन मुळात एवढे येतात का, हाही प्रश्न रास्त आहे. पूर्वी येत नव्हते. आमच्या दोन्ही मॉडेलमध्ये एक लहानसा स्वभावदोष आहे. उजवीकडचं खालून दुसरं बटण लागोपाठ दोनदा दाबलं, तर पाठ पुढे येते, पाय वर येतात, आणि बसलेला माणूस मधोमध घडी होऊन राहतो. इजा होत नाही. मऊ गादी आहे. पण बाहेर येता येत नाही. यावरचा इलाज मजल्यावर सगळ्यांना पाठ आहे : बैठकीखाली आत दुमडलेला एक लाल पट्टा असतो, तो ओढायचा. खुर्ची पटकन उलगडते. पूर्वी हे वाक्य खुर्चीबरोबरच्या माहितीपत्रकात छापलेलं असायचं. परिणाम असा की माणसं अडकायची, घरचं कुणीतरी पट्टा ओढायचं, आणि ती चहा प्यायला लागायची. आम्हाला फोनच येईनात. एवढी प्रणाली उभी करून तिच्यात पाठवायला काही नाही, ही लाजिरवाणी गोष्ट होती. मी साहेबांना टिपण पाठवलं, आणि पुढच्या आवृत्तीत ते वाक्य काढून तिथे ‘खुर्ची अडकल्यास आम्हाला फोन करा’ असं घातलं. महिनाभरात फोन तिप्पट झाले. साहेबांनी मात्र ना जुनं पत्रक वाचलं होतं, ना नवं. मालकाला मालाची माहिती द्यायची पद्धत आमच्याकडे नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना त्या मंगळवारी एक गिऱ्हाईक घडी झालं.

हे गिऱ्हाईक म्हणजे वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले एक निरीक्षक. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांच्या तराजूला सील ठोकलं आणि तुटलेलं सील दिसलं की दंड केला. त्यांच्या सूनबाई ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. सासऱ्यांची पाठ दुखते म्हणून त्यांनीच हौसेने विश्राम घेऊन दिली होती. दुपारचं जेवण झालं, त्यावर दोन कप चहा झाला (हे दोन कप पुढे महत्त्वाचे ठरतात), आणि निरीक्षक खुर्चीत बसले. बटण एकदा दाबून काही झालं नाही असं वाटल्याने त्यांनी ते पुन्हा दाबलं.

त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरातून धावत आल्या. यजमानांचे गुडघे कानाशी होते.

“अगं बाई. थांबा, मी कड ओढते.”

“हात लावायचा नाही,” निरीक्षक आतून म्हणाले. “अनधिकृत माणसानं हात लावला तर वॉरंटी जाते.”

“वॉरंटी गेली खड्ड्यात. तुम्ही आधी बाहेर या.”

“सील तोडायचं नाही. कंपनीला फोन करा. त्यांचा माणूस येईल, किंवा काय करायचं ते सांगेल. आणि जरा लवकर करा.”

“लवकर का?”

“चहा दोन कप झालाय,” निरीक्षक म्हणाले.

सूनबाई शिकवणी संपवून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी फोन लावला, दोन दाबलं, नंतर पाच दाबलं, आणि माझ्या प्रणालीत प्रवेश केला. गोड बाई तीनदा भेटल्या. मधल्या वेळात वाजणारी सनई मी स्वतः निवडलेली आहे. (एकच ओळ आहे, पण ती पुन्हा पुन्हा ऐकल्यावर माणसाचा राग मावळतो आणि त्या जागी एक प्रकारचं वैराग्य येतं.) सूनबाईंचा स्वभाव मात्र वैराग्याचा नव्हता. शिकाऊ चालकाशेजारी बसून आपल्या पायाखालच्या ब्रेकवर जगलेली बाई ती. चौथ्यांदा ‘आपला फोन’ ऐकल्यावर त्यांनी घरचा फोन सासऱ्यांच्या कानाशी लावला.

“बाबा, तुम्ही ऐकत राहा. कुणी बोललं तर ठीक. मी तिकडेच जाऊन येते.”

“नंबर गमावू नका,” निरीक्षक म्हणाले. “इथपर्यंत आलोय.”

आणि सूनबाई ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून निघाल्या.

यानंतरचा भाग मी शब्दशः देऊ शकतो, कारण सेवेचा दर्जा राखण्यासाठी आमच्याकडे सगळी संभाषणं रेकॉर्ड होतात. (त्या रेकॉर्डिंगमुळे दर्जा कसा राखला जातो, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही, पण साठा मोठा आहे.) दुपारच्या जेवणानंतर साहेब शोरूमचं दार लोटून घेतात, विक्रेत्याला संध्याकाळपर्यंत सुट्टी देतात आणि महाविश्राममध्ये डुलकी काढतात. दाराला आतून ‘प्रात्यक्षिक चालू आहे’ अशी पाटी असते. बाहेरून जाणारे लोक काचेतून झोपलेले साहेब बघतात आणि कौतुकाने पुढे जातात. एरवी साहेबांची झोप गाढ असते. त्या दिवशी त्यांनी कूस बदलली आणि कान नेमका वाजत्या फोनवर आला, तसा त्यांनी रिसीव्हर उचलला.

“हॅलो, कोण?” साहेब.

“अखेर,” निरीक्षक. “मी तुमच्या खुर्चीत आहे.”

“माझ्या खुर्चीत मी आहे.”

“मी माझ्या घरी, तुमच्या कंपनीच्या खुर्चीत आहे. घडी झालोय. बाहेर येता येत नाही.”

साहेब चांगले जागे झाले. त्यांना गिऱ्हाइकाचा आवाज ऐकून बरीच वर्षं झाली होती, आणि आवाजावरून ते भावुक झाल्यासारखे वाटतात. “असं कसं होईल?” ते म्हणाले. “कुठलं बटण दाबलंत?”

“उजवीकडचं. खालून दुसरं.”

“हे?”

“एकदा दाबून काही झालं नाही. म्हणून परत दाबलं.”

“परत?” असं साहेब म्हणाल्याचं ऐकू येतं. त्यानंतर मोटरचा आवाज, नंतर एक दीर्घ ‘अं’, आणि मग बराच वेळ दोन वयस्क माणसांचा श्वास.

“तुमचे गुडघे कुठे आहेत?” निरीक्षकांनी विचारलं.

“हनुवटीशी.”

“मग बरोबर आहे. मी म्हटलं तेच झालंय.”

एक गोष्ट इथे नमूद केली पाहिजे, की साहेबांनी आरडाओरडा केला नाही. काचेबाहेर माणसं होती, पण मालकाने आपल्याच खुर्चीतून मदतीसाठी ओरडावं, हे दुकानाला शोभत नाही. मोबाइल खिशात होता आणि खिसा घडीत होता. एक हात तेवढा मोकळा होता. त्या हाताने साहेबांनी फोन वर आमच्या मजल्यावर पाठवायचं बटण दाबलं. प्रणालीने क्षणभर विचार केला. दहाही ठिपके तांबडे. इमारतीत सर्वांत रिकामं कोण आहे, हे तिने तपासलं आणि फोन पुन्हा साहेबांकडे आणून दिला.

“कोण?” साहेबांनी विचारलं.

“मीच,” निरीक्षक म्हणाले. “मधे सनई लागली होती.”

साहेबांनी हे चारदा करून पाहिलं. मग दोघं बोलत बसले. पाठदुखीवर बोलले, मुलांवर बोलले, हल्ली कुणी नीट काम करत नाही यावर दोघांचं मन लगेच जुळलं. अधूनमधून निरीक्षक म्हणायचे, “माझी जरा निकड वाढलीय.” साहेब म्हणायचे, “आमची माणसं फार तत्पर आहेत. आज सकाळीच पाहिलं, एकूण एक कामात होती.” वर माझ्या पडद्यावर त्या शोरूमच्या ठिपक्याने प्रथमच तांबडा रंग धरला होता. इतका लांब, इतका सलोख्याचा, शिवीगाळ नसलेला कॉल आमच्या इतिहासात झालेला नाही. मी त्याच दुपारी त्या खुर्चीची ‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ म्हणून शिफारस टाइप करायला घेतली होती.

तेवढ्यात सूनबाई मजल्यावर आल्या. त्या नेमक्या माझ्याच टेबलासमोर उभ्या राहिल्या. (मी जिन्याच्या तोंडाशी बसतो. जुन्या जमान्यात हीच जागा फोनची होती.) बाई माणूस समोर आलेलं, म्हणून सौजन्याने मी माझा आडवा रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला. ही त्या दिवसातली माझी एकमेव चूक. माझा ठिपका हिरवा झाला.

“माझे सासरे तुमच्या खुर्चीत अडकलेत,” सूनबाई म्हणाल्या. “कसं सोडवायचं तेवढं सांगा.”

लाल पट्ट्याचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते बोलायला मला क्षणही लागला नसता. पण मी जबाबदार अधिकारी आहे.

“आपण फोन करा,” मी म्हटलं.

“मी समोर उभी आहे.”

“तेच. समोर आलेल्या माणसासाठी प्रणालीत मार्ग नाही. आपण आत्ता मला सांगितलंत आणि मी आपल्याला सांगितलं, तर हे झालं याला पुरावा काय? उद्या आपण समाधानी आहात की नाही, हे मी कुणाला विचारू?”

“माझ्या सासऱ्यांना,” सूनबाई एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “जायचंय.”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. माझेही सासरे आहेत. म्हणून मी त्यांच्यासाठी नियम वाकवला. “बाहेर जायची गरज नाही,” मी म्हटलं. “इथे उभ्या राहून मोबाइलवरून केलात तरी चालेल.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की समोर भिंत दिसत असताना वेग वाढवणाऱ्या शिकाऊ चालकांना तेच बघणं मिळत असावं. मग त्यांनी मोबाइल काढला, फोन लावला, दोन दाबलं, पाच दाबलं. प्रणालीने हिरवा ठिपका शोधला. शोरूम तांबडी. नऊ टेबलं तांबडी. माझ्या टेबलावरचा फोन वाजायला लागला.

आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

फोन वाजताना त्याच्याकडे इतक्या जवळून बघण्याची माझी ती पहिलीच वेळ. मी उजवीकडे स्पेअर पार्टवाल्याकडे बघितलं. स्पेअर पार्टवाल्याने त्याच्या उजवीकडे बघितलं. तिथल्या टायपिस्टने पलीकडे बघितलं. अशी ती नजर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सगळा मजला फिरली, खिडकीशी वळली, आणि शेवटी माझ्या डावीकडच्या वॉरंटीच्या बाईंकडे पोचली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फोन वाजतच होता. मग सूनबाईंनी हात लांब करून तो स्वतःच उचलला.

एका कानाला मोबाइल, दुसऱ्या कानाला माझा रिसीव्हर.

“हॅलो,” त्या रिसीव्हरमध्ये म्हणाल्या.

“हॅलो,” त्या मोबाइलमध्ये म्हणाल्या. “माझे सासरे खुर्चीत अडकलेत.”

“थांबा हं, विचारून सांगते.” त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि वॉरंटीच्या बाईंना विचारलं, “अहो, गिऱ्हाईक विचारतंय, खुर्ची अडकली तर काय करायचं?”

वॉरंटीच्या बाईंनी मान वर केली. समोर एक बाई, हातात ऑफिसचा रिसीव्हर. ज्याच्या हातात रिसीव्हर तो आपला माणूस, एवढं आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

“बैठकीखालचा लाल पट्टा ओढायला सांगा,” त्या म्हणाल्या. “आणि नवीन आलात का? डबा आणलात ना?”

“बैठकीखालचा लाल पट्टा ओढा,” सूनबाई रिसीव्हरमध्ये म्हणाल्या.

“बरं. थँक्यू,” त्या मोबाइलमध्ये म्हणाल्या, आणि रिसीव्हर माझ्या हातात देऊन जिना उतरल्या.

तो कॉल मी नंतर कितीतरी वेळा ऐकला. पहिल्याच प्रयत्नात उचलला गेलेला, प्रश्न एका वाक्यात, उत्तर एका वाक्यात, दोन्ही बाजू सभ्य. आमच्या नव्या कर्मचाऱ्यांना तो प्रशिक्षणात ऐकवला जातो.

खाली त्या पाटी न जुमानता दार ढकलून शोरूममध्ये शिरल्या. वर येतानाच त्यांना काचेतून घडी झालेला माणूस दिसला होता, आता त्याच्या बोलण्यावरून पलीकडे कोण आहे तेही कळलं. त्यांनी साहेबांच्या हातातून रिसीव्हर घेतला. इथून पुन्हा रेकॉर्डिंग आहे.

“बाबा, आईंना सांगा, बैठकीखाली लाल पट्टा आहे. ओढायचा.”

“अधिकृत सांगितलंय का?” निरीक्षकांनी विचारलं. आवाज फार बारीक झाला होता.

“अधिकृत. मी कंपनीतूनच बोलतेय.”

मग कापडाची खसखस ऐकू येते, मोटरचा एक निःश्वास, आणि पावलं. वयाच्या मानाने फार वेगवान पावलं. दूर कुठेतरी एक दार लागतं. त्यानंतर सासूबाई फोनवर येतात आणि म्हणतात, “पोचले बाई वेळेवर.” हे ऐकताना माझे डोळे दर वेळी पाणावतात.

“माझाही ओढा, माझा हात तिथे पोचत नाही,” साहेब म्हणाले.

“तुम्ही कोण?”

“मी मालक. या खुर्च्या माझ्याच.”

रेकॉर्डिंगमध्ये इथे सूनबाई एक पाऊल मागे सरकल्याचा आवाज आहे.

“मग मी हात लावणं बरं नाही,” त्या म्हणाल्या. “मी अनधिकृत आहे. तुमची वॉरंटी जाईल. तुम्ही फोन करा, पाच दाबा.” आणि त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. दाराची घंटी किणकिणल्याचं रस्त्यावरच्या लोकांनी ऐकलं असेल.

साहेबांनी फोन केला. दोन दाबलं. पाच दाबलं. मी रिसीव्हर जागेवर ठेवल्याने माझा ठिपका पुन्हा हिरवा झाला होता, त्यामुळे फोन माझ्या टेबलावर वाजला. पडद्यावर दिसलं, की फोन शोरूममधून आहे. मी निर्धास्त झालो. कुणीतरी गिऱ्हाईक खुर्चीचा फोन चालतो का ते बघत असणार. मी थांबलो, घंटी थांबली, आणि पुन्हा वाजायच्या आत मी स्पेअर पार्टवाल्याला फोन लावून रिसीव्हर आडवा ठेवला.

संध्याकाळी विक्रेता दिवे लावायला आला, तेव्हा साहेब सुटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. माहितीपत्रकात ते वाक्य परत छापतील, किंवा दाराशी पुन्हा एक फोन ठेवतील, अशी मला भीती होती. पण साहेब दूरदृष्टीचे आहेत. गोड बाईंच्या यादीत त्यांनी एक नवा पर्याय घालायला लावला : ‘आपण मालक असाल तर नऊ दाबा.’ नऊ दाबलं की इमारतीतले सगळे फोन एकदम वाजतात आणि ते थांबवता येत नाहीत. हा पर्याय आता इतका लोकप्रिय झाला आहे, की शहरात आमच्या कंपनीचे काही हजार मालक असावेत. ही गळती बंद करायचं काम सध्या माझ्याकडे आहे.

तुम्ही हसताय, ते मला कळतंय. दहा माणसं, एक लाल पट्टा, आणि एकालाही उठावंसं वाटलं नाही, असं तुमच्या मनात आलं असणार. या विषयातला अधिकारी म्हणून मी तुम्हाला तुमच्या घरातली प्रणाली सांगू का? दाराची बेल वाजते. तुम्ही वर्तमानपत्रात तांबडे असता. मुलगा मोबाइलमध्ये तांबडा असतो. तुमची नजर त्याच्याकडे जाते, त्याची आतल्या खोलीकडे जाते, आणि बेल फिरत फिरत शेवटी जिचे हात कणकेत आहेत तिच्यापाशी जाऊन थांबते. अशी निर्दोष मार्गनियोजनव्यवस्था मला पगार घेऊन जमली नाही, ती तुम्ही फुकटात उभी केलीत.

आत्ताही, तुम्ही हे वाचायला बसलात तेव्हापासून, आतून कुणीतरी तुम्हाला हाक मारतंय. काहीतरी वरून काढून हवंय, किंवा काहीतरी अडकलंय. तुम्ही वाचता वाचता ‘आलो, आलो’ म्हणालात, आणि पान उलटलंत. आमच्याकडे त्या ठिकाणी सनई वाजते.